वायदा, भाव आणि जोखीम : बाजारातील माणसाचा एक शोध

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. जांबोटीच्या या परिसरात, चोर्ल्याच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि मलप्रभेच्या उगमाच्या पट्ट्यात, पावसाळ्यात चार-चार महिने सूर्यदर्शन दुर्लभ असे. अशा ठिकाणी गुरुजींनी मुलांकडून तोंडी हिशेब करून घेतले. त्यांच्या हिशेबांत नफा-तोट्याची उदाहरणे पुष्कळ असत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. आजच्या विषयाचे बीज मला तेथेच सापडले.

मराठीच्या प्राध्यापकाने बाजारातील व्यापाऱ्यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. परंतु भाषेचा अभ्यास हा शेवटी माणसाचाच अभ्यास असतो, आणि माणूस आपल्या हातातील पैसा अनिश्चिततेच्या स्वाधीन करतो त्या क्षणी त्याचा स्वभाव जितका उघडा पडतो, तितका क्वचितच अन्यत्र पडत असेल. हा माणूस बाजारात का उतरतो आणि उतरल्यावर स्वतःला कसा सांभाळतो, हे दोन प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

आरंभ शब्दांपासून करू. 'वायदा' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ वचन. पुढील अमुक तारखेस अमुक माल अमुक दराने देईन किंवा घेईन, असे वचन म्हणजे वायद्याचा सौदा. 'तेजी' फारशी वळणाची, 'मंदी' संस्कृत 'मंद'वरून आलेली. 'नफा' अरबी, आणि त्याच्या जोडीला बसलेला 'तोटा' अस्सल घरचा. आपली बाजारपेठ किती भाषांच्या माणसांनी घडवली, हे या चार शब्दांवरूनच कळते. आणि 'भाव' या शब्दाकडे पाहा. मराठीत भाव म्हणजे दर, भाव म्हणजे मनातील भावना, आणि देवाच्या ठायी असतो तोही भावच. बाजारात दिवसभर जे वरखाली होते त्याला आपल्या पूर्वजांनी मनोविकाराचेच नाव दिले. पाश्चात्त्य विद्यापीठांत मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवू लागले ते अलीकडे. आपल्या बोलीने ती जोडी फार पूर्वीच लावून ठेवली होती.

आता पहिला प्रश्न. व्यापारी बाजारात का उतरतो? 'पैशासाठी' हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. माझे मामा निपाणीतील तंबाखूच्या एका पेढीवर दिवाणजी होते. शाळेच्या सुटीत मी त्यांच्याकडे जाई. वखारीतील तंबाखूच्या उग्र वासाने पहिले दोन दिवस शिंकांत जात. नंतर नाकाला सवय होई. पेढीचे मालक चांगले सधन होते. त्यांना आणखी पैशाची निकड नव्हती. तरीही हंगामात ते पहाटे उठून पान हातात घेत, चुरगळत, हुंगत, आणि यंदा माल धरून ठेवावा की सोडावा याचा विचार करीत. मामा म्हणत, "शेठजींना पैशापेक्षा अंदाज खरा ठरल्याचं सुख जास्त." माझ्या मते व्यापाऱ्याच्या मनाची ही दुसरी प्रेरणा होय : दहा जण एक म्हणत असताना आपण वेगळे ओळखले, आणि काळाने आपल्याला कौल दिला, याचा आनंद. तो कवीच्या किंवा वैद्याच्या आनंदाहून फारसा निराळा नाही. तिसरी प्रेरणा पतीची. पेठेत 'यांचा शब्द म्हणजे नाणे' असे म्हटले जाणे हे अनेकांना तिजोरीतील रकमेहून मोलाचे वाटे. चौथी प्रेरणा मात्र घातक आहे, आणि ती म्हणजे शेजारी श्रीमंत होत आहे, मग मी मागे का राहावे, ही. पहिल्या तीन प्रेरणांनी माणूस व्यापारी होतो. चौथीने तो गर्दीत सामील होतो.

या चौथ्या प्रेरणेचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मुंबईच्या बंदराकडे वळली. कापसाचे भाव कडाडले. कोट्यवधींचे सोने-चांदी मुंबईत येऊन पडले. या पैशाला वाट हवी होती. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या खेळाचे सम्राट. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला, युद्ध संपत आल्याची वार्ता मुंबईस पोहोचली आणि कापसाचा भाव गडगडला. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांची फेड करण्याचा दिवस होता. त्या दिवशी असे दिसून आले की, प्रत्येक जण दुसऱ्याकडून येणे असलेल्या पैशाच्या भरवशावर देणेकरी झाला आहे, आणि रोकड कोणाकडेच नाही. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एके काळी २,८५० रुपयांवर होता, तो ८७ रुपयांवर आला. पुढे ती बँकच गुंडाळावी लागली.

यात होरपळलेले सगळेच लोभी किंवा अडाणी नव्हते, हे ध्यानात घ्यावे. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, नामांकित वैद्य, प्राचीन शिलालेखांचे वाचन करणारे पंडित, सार्वजनिक कार्याचे अग्रणी. त्यांचीही संपत्ती या शेअरच्या वावटळीत गेली. अजिंठ्याची अक्षरे लावणाऱ्या बुद्धिमंताला बाजाराची अक्षरे लागली नाहीत. विद्वत्ता हे जोखमीवरील कवच नव्हे, हा धडा मला त्यांच्या चरित्रातून मिळतो. मात्र त्याहून मोठा धडा पुढे आहे. सर्वस्व गेल्यानंतरही लोकांच्या मनातील त्यांचे स्थान ढळले नाही. १८६९ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. त्यांची विद्या आणि त्यांची सेवा बाजारात गहाण पडलेली नव्हती.

येथे कोणी विचारील, की मग व्यापार आणि जुगार यांत भेद तो काय? ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून महाभारतातील द्यूतसभेपर्यंत आपल्या वाङ्मयाने जुगाऱ्याची दैना पुष्कळ रंगवली आहे. परंतु व्यापाऱ्याला त्याच पंक्तीस बसवणे अन्यायाचे होईल. भेद ओळखण्याची एक साधी कसोटी मी आपणांस सुचवतो. जी जोखीम जगात आधीच आहे, ती कोणी तरी वाहणे भागच आहे. पाऊस पडेल की नाही, कीड येईल की नाही, युद्ध होईल की नाही, हे कोणी ठरवलेले नसते. ती जोखीम मोबदला घेऊन आपल्या शिरावर घेणारा तो व्यापारी. जी जोखीम जगात नव्हतीच, ती केवळ पैज लावण्यासाठी निर्माण करणारा तो जुगारी.

या कसोटीचे बोलके उदाहरण म्हणजे मटका. आपल्या सीमाभागात पानपट्टीच्या आडोशाला चालणारा हा आकड्यांचा खेळ ज्येष्ठांना ठाऊक आहे. त्याचा जन्म कापसाच्या बाजारात झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद भाव तारेने मुंबईस येत, आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैजा लावीत. १९६१ च्या सुमारास ते आकडे येणे बंद झाले, तरी पैजा काही थांबल्या नाहीत. कापसाच्या भावाऐवजी चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढू लागले, म्हणून नाव पडले मटका. विचार करा. आकड्यामागचा कापूस गेला, शेतकरी गेला, गिरणी गेली, तरी खेळणाऱ्याला काही उणे झाल्यासारखे वाटले नाही. ज्याला मागील मालाचे काहीच देणेघेणे नाही, त्याला भाव काय आणि मडके काय, सारखेच.

आता दुसरा प्रश्न : व्यापारी जोखीम सांभाळतो कशी? 'जोखणे' म्हणजे वजन करणे. 'जोखीम' हा शब्द त्याचा सख्खा असो वा नसो, दोघांना शेजारी बसवणे उपयोगाचे आहे. जी जोखता येते, तीच जोखीम पेलता येते.

सांगलीची हळद घ्या. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची रीत होती. तेथील मातीचा गुण असा, की पेवातली हळद वर्षानुवर्षे टिके, तिला कीड लागत नसे. भाव पडला असेल तर माल पेवात घालावा आणि वाट पाहावी. काळाची जोखीम सांभाळण्याचा हा देशी उपाय. परंतु प्रत्येक उपायाच्या पोटात स्वतःची नवी जोखीम असते. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि साठवलेल्या हळदीची अतोनात हानी झाली.

दुसरा उपाय वायद्याचा. सांगलीत हळदीच्या वायद्याचा बाजार दीर्घकाळ चालला, आणि २००४ पासून देशपातळीवरील बाजारातही हळदीचे सौदे होऊ लागले. त्याची रीत एका कल्पित उदाहरणाने सांगतो. एका व्यापाऱ्याने १०० क्विंटल हळद १२,००० रुपये दराने घेतली. ती दळून, बांधून, विकायला तीन महिने लागणार. तेवढ्यात भाव उतरला तर? म्हणून त्याने तितकीच हळद तीन महिन्यांच्या वायद्याने विकून ठेवली. पुढे भाव दोन हजारांनी उतरला. वखारीतल्या मालावर दोन लाखांचा तोटा झाला; पण वायद्याचा भावही तेवढाच उतरला असेल, तर विकलेला वायदा स्वस्तात परत घेऊन दोन लाख मिळाले. भाव दोन हजारांनी चढला असता, तर मालावरचा नफा वायद्याच्या तोट्यात गेला असता. म्हणजे त्याने मोठ्या नफ्याची आशा सोडून दिली आणि त्या बदल्यात निवांतपणा घेतला. प्रत्यक्षात दोन्ही भाव अगदी बरोबरीने चालत नाहीत; थोडा फरक राहतोच. परंतु न पेलणारी जोखीम देऊन पेलणारी जोखीम पत्करणे, हे वायद्याचे मर्म आहे. ज्याने ती घेतली तो सटोडिया. त्याच्याकडे हळद नसते, पण तो नसता तर आपल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईकच मिळाले नसते. सटोडियाची निंदा करताना एवढे स्मरणात असावे.

बाजारही स्वतःला सांभाळतो. सौदा करणाऱ्याकडून अनामत घेतली जाते, आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाचा तोटा वसूल करून नफेवाल्याच्या खाती जमा केला जातो. १८६५ मध्ये फेडीचा दिवस एकच होता आणि देणी महिनोन्‌महिने साचत गेली होती. आज फेड रोज होते. शंभर-दीडशे वर्षांच्या दिवाळखोऱ्यांतून बाजाराने मिळवलेले हे शहाणपण आहे.

मामांच्या पेढीवर दोन नियम पाळले जात. पहिला : सौदा करणाऱ्याने खतावणी लिहायची नाही. सौदे शेठजी करीत, कीर्द-खतावणी मामा लिहीत, आणि रोजचा मेळ लागल्याशिवाय दिवा मालवत नसत. हा नियम किती मोलाचा आहे, हे १९९५ साली साऱ्या जगाला कळले. १७६२ साली स्थापन झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक सिंगापुरातील निक लीसन नावाच्या एका तरुण नोकराने बुडवली. सौदे करणारा तोच आणि त्यांचे हिशेब पाहणारा विभागही त्याच्याच हाती. तोटे त्याने ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवले. ते ऐंशी कोटी पौंडांच्या वर गेले, आणि ती पुरातन बँक एका पौंडाला विकली गेली. निपाणीच्या दिवाणजींना जे ठाऊक होते, ते लंडनच्या साहेबांनी पाळले नाही.

दुसरा नियम मामा असा सांगत : "ज्या दिवशी खतावणी लिहायला हात कचरतो, त्या दिवशी माल विकून टाकावा." तोटा वहीत लिहिण्याची लाज वाटू लागली, की माणूस तो मनातही लिहीत नाही. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेला सिद्धान्त हेच सांगतो. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचे दुःख आपल्याला कितीतरी अधिक, सुमारे दुप्पट, जाणवते. म्हणून तोट्यात असलेला माणूस तो तोटा मान्य करण्याऐवजी आणखी मोठी जोखीम घेतो, आणि नफ्यातला माणूस घाईने नफा खिशात घालतो. अनुभवी व्यापारी यावर एक उपाय करतो : सौद्यात शिरण्यापूर्वीच, डोके शांत असताना, 'इथवर भाव आला तर बाहेर पडायचे' अशी रेघ तो ओढून ठेवतो. इंग्रजीत तिला स्टॉप-लॉस म्हणतात. रेघ ओढणे सोपे; ती आयत्या वेळी पुढे न सरकवणे अवघड.

विद्यार्थिमित्रहो, गुरुजींच्या पद्धतीचा एक तोंडी हिशेब घाला. शंभर रुपयांतील दहा गेले, तर नव्वदाचे शंभर करायला किती टक्के मिळवावे लागतील? अकराहून थोडे अधिक. पन्नास गेले तर? पन्नासाचे शंभर करायला शंभर टक्के. नव्वद गेले तर? दहाचे शंभर करायला नऊशे टक्के. तोटा वाढत जातो तशी परतीची वाट किती तरी अधिक वेगाने लांबत जाते. म्हणून मुरलेला व्यापारी एका सौद्यात भांडवलाचा लहानसाच हिस्सा घालतो. त्याला पहिली चिंता नफ्याची नसते. उद्या बाजारात उभे राहता येईल ना, याची असते.

हे सारे आज का सांगायचे? कारण बाजार आता पेठेत राहिला नाही. तो प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आला आहे, आणि जांबोटीच्या रानातही तो पोहोचला आहे. भारतात निर्देशांकाचे वायदे २००० साली सुरू झाले. त्यांचा हेतू जोखीम हस्तांतरित करण्याचाच होता. पुढे ऑप्शन नावाचे आठवड्याला संपणारे सौदे फोफावले. सेबी या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा सौद्यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला. त्यानंतर सेबीने सौद्याचा किमान आकार वाढवला आणि दर आठवड्याला संपणाऱ्या सौद्यांवर बंधने आणली. अमेरिकेतील बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनीही २००० साली दाखवून दिले होते की, ज्या कुटुंबांनी सर्वाधिक खरेदी-विक्री केली त्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले. त्याच काळात बाजाराने १७.९ टक्के दिले होते. उलाढाल हेच कर्तृत्व, असे मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

माझ्या परिचयातील एक तरुण पुण्यात चांगल्या नोकरीत होता. ऑप्शनच्या सौद्यांत त्याने प्रथम साठवलेले पैसे घालवले, मग कर्ज काढले, शेवटी गावाकडचे शेत विकण्याची वेळ आली. त्याच्या वडिलांना घडले काय हेच कळेना. "माल कुठला घेतला होतास रे?" असे ते पुन्हा पुन्हा विचारीत होते. मुलाला उत्तर देता येईना, कारण माल नव्हताच. त्या वृद्ध शेतकऱ्याचा प्रश्न मला या विषयावरील कोणत्याही ग्रंथाइतका मोलाचा वाटतो. माझ्या सौद्यामागे माल कोणता, आणि मी कोणाची जोखीम उचलतो आहे? याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती मोबाइल असला तरी तो मडक्यातली चिठ्ठीच काढत आहे.

आणि बोलता बोलता आपण खऱ्या जोखीमदाराला विसरता कामा नये. मार्च १९८१ मध्ये निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर तंबाखू उत्पादक शेतकरी आपल्या बैलगाड्यांसह ठिय्या देऊन बसले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील त्या आंदोलनावर ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या लढ्याकडे मी जोखमीच्या अंगानेही पाहतो. पावसाची जोखीम शेतकऱ्याची, रोगाची जोखीम त्याची, आणि भावाची जोखीमही त्याचीच. भाव ठरवताना मात्र त्याला विचारणारे कोणी नव्हते. व्यापाऱ्याला वखार होती, पत होती, थांबण्याची ताकद होती. शेतकऱ्याला थांबता येत नव्हते. ज्याला थांबता येत नाही, त्याच्या वाट्याला पडेल तो भाव येतो. आपल्या खानापूर तालुक्यातील भात आणि काजू पिकवणाऱ्याची स्थिती आजही याहून फार निराळी नाही. बाजाराचे शास्त्र शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आपली बुद्धी थोडी तरी या माणसाला थांबण्याची ताकद देण्यासाठी लावली, म्हणजे साठवणुकीची सोय, वेळेवर कर्ज, एकत्र विक्री यांसाठी लावली, तर ती गुरुजींना वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.

तरुणांना बाजाराकडे पाठ फिरवा, असे मी सांगणार नाही. बचत करा, समजून गुंतवा, धीर धरा. परंतु घर, शेत आणि आईवडिलांचे औषधपाणी यांचा पैसा कधीही वायद्यावर ठेवू नका; रोजचा मेळ स्वतःच्या हाताने लिहा आणि तो घरातील एका तरी माणसाला दाखवा. ज्या व्यवहाराचा हिशेब घरात मोठ्याने वाचता येत नाही, तो व्यवहार थांबवण्याची वेळ आली आहे, असे समजा.